बांधलेले पडदे आणि ठोकलेले पडदे

सतारीच्या दांडीवरचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात आणि गिटारीच्या दांडीवरचे पडदे लाकडात चरे पाडून कायमचे ठोकलेले असतात, हा भेद वरवर पाहणाऱ्यास किरकोळ वाटण्याचा संभव आहे. परंतु गेल्या चार-साडेचार शतकांत गिटारीची घडण जशी पालटत गेली तशी ती का पालटली, आणि त्याच काळात आमची तंतुवाद्ये निराळ्याच वाटेने का गेली, याचा उलगडा करू जाता बोट शेवटी या एका भेदावरच येऊन टेकते. ज्या वाद्याचा पडदा सरकविता येतो त्याच्या कारागिराला एक प्रकारची चिंता वाहावी लागते, आणि ज्याचा पडदा सरकत नाही त्याच्या कारागिराला दुसऱ्याच प्रकारची. आणि मौजेची गोष्ट अशी, की गिटारीचे पडदेही एके काळी बांधलेलेच होते.

बडोद्याच्या उत्तरेस, अहमदाबादेकडे जाणाऱ्या वाटेवर, छाणी नावाचे गाव आहे. गाव म्हणावयाचे ते आता सवयीने, कारण शहराने ते केव्हाच पोटात घेतले असून जवळच्या नव्या रेल्वे स्थानकास दिलेल्या छायापुरी या नावातच काय ती त्याची जुनी ओळख उरली आहे. गायकवाडी मुलखातील हे स्थळ जैन समाजात दीक्षार्थींचे गाव म्हणून आणि विद्वानांत ग्रंथभांडारासाठी प्रसिद्ध आहे. या भांडारातील ओघनिर्युक्तीची ताडपत्री पोथी विक्रम संवत् १२१८ ची, म्हणजे इ. स. ११६१ ची असून तिच्यात सोळा विद्यादेवींबरोबर सरस्वती, लक्ष्मी आणि अंबिका यांची चित्रे रेखाटलेली आहेत. पश्चिम हिंदुस्थानातील चित्रकलेचा इतिहास लिहिणारास या पोथीला वळसा घालून पुढे जाता येत नाही. आज त्याच छाणीच्या रस्त्यावर खांद्याला गिटारीची काळी पिशवी अडकवून दुचाकीवर जाणारी मुले सायंकाळी हटकून दिसतात, आणि त्या मुलांना कोणी सांगत नाही की, ज्या वाद्याची ती तालीम घेतात त्याच्या घडणीतील अवघड प्रश्न त्या पोथीनंतर शंभर वर्षे होण्यापूर्वीच आपल्याकडे शब्दांत मांडला गेला होता.

तो मांडला गेला महाराष्ट्रात. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात संगीतरत्नाकर रचला, आणि त्यातील वाद्याध्यायात वीणांचे जे प्रकार वर्णिले आहेत त्यांपैकी दोन आपल्या विषयाशी थेट निगडित आहेत. पहिली एकतंत्री: तिला पडदे नाहीत, डाव्या हातात बांबूची एक लहानशी कांडी, जिला कम्रिका म्हणत, ती तारेवर घासत नेऊन स्वर काढावयाचे. दुसरी किन्नरी: हिला पडदे आहेत, ते गिधाडाच्या हाडाचे किंवा धातूचे, आणि दांडीवर ते मेणाच्या लुकणाने चिकटविलेले. म्हणजे एका वाद्यात स्वराचे स्थान सर्वस्वी वादकाच्या कानावर सोपविलेले, तर दुसऱ्यात ते मेणाने पक्के केलेले. मात्र मेण तापविले की पडदा पुन्हा हलविता येई, हे त्यातील मर्म होय. रुद्रवीणेच्या परंपरेत मेणाचा हा वापर पुढेही चालू राहिला, आणि सतारीने मेणाऐवजी दोरा पत्करला, त्यामुळे जे काम पूर्वी कारागिराकडे जाऊन करवून घ्यावे लागे ते वादक बैठकीतच करू लागला. रागाप्रमाणे कोमल गांधार किंवा तीव्र मध्यम जुळवून घेण्यासाठी पडदा वरखाली सरकविण्याच्या या रीतीस चल थाट म्हणतात. सगळे स्वर आधीच बांधून ठेविले तर तो अचल थाट.

आता युरोपाकडे वळू. सोळाव्या शतकातील स्पेनमध्ये सरदार-दरकदारांच्या घरी विहुएला आणि सामान्य जनांत चार जोडतारांची लहानशी गिटार अशी दोन भावंडे नांदत होती. १५४६ साली आलोन्सो मुदार्रा याने आपल्या ग्रंथात विहुएलाच्या रचनांबरोबर या धाकट्या वाद्यासाठीही काही रचना छापल्या, आणि छापील स्वरूपात उपलब्ध असलेल्या गिटारसंगीतात त्या अग्रस्थानी आहेत. या वाद्यांचे पडदे आतड्याच्या तातीचे असून ते दांडीभोवती गाठ मारून बांधीत, थेट आमच्या सतारीप्रमाणे. १५८१ साली लिस्बन येथे बेल्शिओर दियाश नामक कारागिराने घडविलेले एक अशा घराण्यातील वाद्य आजही लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकच्या संग्रहात आहे. ज्या लिस्बनहून दरसाल गलबते गोव्यास येत त्याच बंदरातील ही कारागिरी असल्याने मराठी वाचकाला तिच्याविषयी थोडी जवळीक वाटल्यावाचून राहणार नाही. पुढे चाराच्या पाच जोड्या झाल्या, क्रेमोनाच्या स्त्रादिवारीने व्हायोलिनांबरोबर काही गिटारीही केल्या, ध्वनिछिद्रावर कागद-चर्मपत्राची नक्षीदार जाळी आली, पाठीवर हस्तिदंताच्या पट्ट्या आल्या. हा सारा अलंकाराचा इतिहास आहे, त्यावर फार वेळ खर्च करण्याचे कारण नाही.

खरी क्रांती झाली ती पडद्यांत, आणि ती अलंकारासारखी डोळ्यांत भरणारी नसल्याने तिची नोंद सहसा घेतली जात नाही. ज्या १५८१ साली दियाशने वाद्य घडविले त्याच वर्षी फ्लॉरेन्समध्ये विन्चेन्झो गॅलिली, म्हणजे ज्योतिर्विद गॅलिलिओचा पिता, याने आपल्या ग्रंथात पडदे बसविण्याचा एक हिशेब दिला: तारेच्या लांबीचे अठरा भाग करावे, एक भाग सोडून पहिला पडदा, उरलेल्या लांबीचे पुन्हा अठरा भाग, त्यातील एक सोडून दुसरा, आणि असेच पुढे. हा हिशेब सप्तकाचे बारा समान तुकडे पाडण्याच्या अगदी जवळ जातो. त्याचा परिणाम असा की कोणताही स्वर षड्ज मानला तरी वाद्य सारखेच वाजते. पण त्याची किंमत म्हणून शुद्ध गांधारासारखे स्वर आपल्या नैसर्गिक जागेवरून किंचित चढे राहतात. स्वरमेळावर, म्हणजे अनेक स्वर एकदम वाजविण्यावर, ज्या संगीताची भिस्त त्याला हा सौदा परवडला. एकदा तो पक्का झाल्यावर पडदा सरकविण्याचे प्रयोजनच उरले नाही, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस व एकोणिसाव्याच्या आरंभी तातीच्या गाठी जाऊन धातूच्या पट्ट्या लाकडात बसल्या त्या कायमच्या. त्याच सुमारास जोडतारांचा त्याग होऊन सहा एकेरी तारा रूढ झाल्या.

पडदा स्थिर झाला तेव्हा कारागिराची बुद्धी दुसरीकडे मोकळी झाली, आणि ती वळली आवाजाच्या मोठेपणाकडे. दिवाणखान्यातील वाद्याला आता सभागृह भरावयाचे होते. आल्मेरिया येथे १८१७ साली जन्मलेला आंतोनिओ दे तोर्रेस हा मूळचा सुतार. त्याने पेटी मोठी केली, तारेची वाजती लांबी सुमारे ६५ सेंटिमीटरवर आणून ठेविली आणि पातळ तबलीच्या, म्हणजे पेटीच्या दर्शनी फळीच्या, पोटातून पंख्याच्या काड्यांप्रमाणे पसरणाऱ्या सात बारीक कांबी चिकटविल्या, ज्यायोगे तबली मोडत नाही आणि तरीही थरारते. आवाजाचा जीव तबलीत असतो, पाठीत वा कडांत नव्हे, हे आपले म्हणणे सिद्ध करण्यासाठी त्याने १८६२ साली एक गिटार अशी केली की तिची तबली लाकडाची, पण पाठ आणि कडा कागदाच्या लगद्याच्या! हे वाद्य बार्सेलोनाच्या संग्रहालयात जतन केलेले आहे. आपले मत पटविण्यासाठी ग्रंथ न लिहिता वस्तू घडवून दाखविणारा हा मनुष्य मला त्या शतकातील पुष्कळ तत्त्वचिंतकांहून अधिक विचारी वाटतो.

सॅक्सनीहून १८३३ साली न्यूयॉर्कला आलेल्या सी. एफ. मार्टिन याने पंख्याऐवजी फुलीच्या आकाराच्या कांबी योजिल्या, आणि त्या वेळी तार तातीचीच असताना केलेली ही योजना पुढे विसाव्या शतकात पोलादी तारा आल्या तेव्हा अनपेक्षितपणे फळास आली. कारण पोलादी तारांचा संच तबलीला सुमारे सत्तर किलोच्या जोराने खेचतो, आणि पंख्याच्या नाजूक काड्यांचा तेथे टिकाव लागला नसता. मग ऑर्व्हिल गिब्सनची व्हायोलिनसारखी कोरीव फुगीर तबली, मग तारेखाली चुंबक, आणि चुंबक आल्यावर पेटीची गरजच संपुष्टात येऊन १९५० च्या सुमारास लिओ फेंडरने बाजारात आणलेली सपाट, भरीव फळीची विजेची गिटार. आवाज मोठा करण्यासाठी ज्या पेटीचा एवढा खटाटोप झाला तिलाच अखेरीस रजा मिळाली.

इकडे मिरजेस काय चालले होते? पटवर्धनांच्या संस्थानात शिकलगारांची घरे होती; तरवारी, भाले, जंबिये यांना धार लावणे व शस्त्रे दुरुस्त करणे हा त्यांचा वंशपरंपरागत धंदा. इंग्रजी अंमल बसल्यावर हत्यारांची मागणी ओसरली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब आणि मोहिनुद्दीन या शिकलगार बंधूंनी, गवयांचे तंबोरे दुरुस्त करीत करीत, स्वतःच नवे घडविण्यास प्रारंभ केला अशी तेथील परंपरा सांगते. संस्थानिक बाळासाहेब पटवर्धन गायनाचे शौकीन, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांसारखे गवई मिरजेत वास्तव्यास, तेव्हा गिऱ्हाईकही दाराशी आणि पारखीही दाराशी. आडनाव बदलून सतारमेकर झाले, गल्लीही सतारमेकरांची झाली.

या कारागिरांचा मुख्य कच्चा माल लाकूड नव्हे, फळ होय. सोलापूर जिल्ह्यात पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूस जे मोठे कडू भोपळे पिकतात, जे खाण्याच्या कामाचे नसतात, ते महिनोन्महिने वाळवून मिरजेस येतात. देठाकडची बाजू कापून ते पाण्यात भिजवावयाचे, आतला गर खरवडून काढावयाचा, कवच ओले आहे तोवर आतून काटक्यांचा आधार देऊन त्याला घाट द्यावयाचा आणि पुन्हा वाळू द्यावयाचे. गळा, दांडी आणि तबली तुणीच्या लाकडाची. म्हणजे पाहा: तोर्रेस आपली पाठ कागदाची करू शकला, कारण तिची त्याला मातब्बरी नव्हती, मिरजेचा सतारमेकर मात्र शेतकऱ्याच्या वेलीवर कोणत्या आकाराचे फळ धरले यावर आपल्या वाद्याचे माप ठरवितो. गिटारीचा नकाशा कागदावर काढून तो अमेरिकेतील कारखान्यास धाडता येतो, तंबोऱ्याचा येत नाही.

परंतु मिरजेच्या कसबाचे खरे सार भोपळ्यातही नाही. ते घोडीत आहे. गिटारीची तार घोडीवरच्या एका अरुंद धारेवर टेकते आणि तेथून सरळ सुटते, म्हणून तिचा स्वर स्पष्ट, टोकदार आणि चटकन विझणारा. तंबोऱ्याची घोडी रुंद असून तिचा पृष्ठभाग दिसेल न दिसेल इतका उतरता असतो. तार कंप पावताना त्या उतारावर पुनःपुन्हा निसटता स्पर्श करते, आणि त्या स्पर्शातून मूळ स्वराचे वरचे सहध्वनी एकामागून एक उमलतात. हा उतार कानसीने साधण्याच्या क्रियेस जवारी काढणे म्हणतात, आणि तारेखाली सुताचा धागा सरकवून तिची शेवटची जागा शोधावयाची असते. पोलाद घासून त्याला धार आणणाऱ्या हातांनीच ही किमया आत्मसात करावी यात मला योगायोगाहून काही अधिक दिसते. युरोपच्या कारागिराने मोठा आवाज पेटीतून काढला, आमच्या कारागिराने भरीव आवाज घोडीतून काढला; गायकाच्या पाठीशी दोन हातांवर बसणाऱ्या वाद्याला सभागृह भरावयाचे नव्हते, त्याला गायकाचा कान भरावयाचा होता.

मिरज आणि बडोदे यांच्यात या काळी माणसांची सतत ये-जा होती. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या अमदानीत दरबारी गुणिजनांचे स्वतंत्र खातेच असून त्यात नेमणूक, मुशाहिरा, हजेरी, रजा आणि दंड यांचे कायदे इतर कोणत्याही खात्याप्रमाणे लागू होते. सूरसागराच्या काठी मौलाबक्षांच्या देखरेखीखाली १८८६ साली गायनशाळा निघाली, आणि मौलाबक्षांचे पुत्र अलाउद्दीन यांस महाराजांनी लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये शिकावयास धाडिले. विष्णु दिगंबर पलुसकर १८९६ साली गुरुगृह व मिरज सोडून निघाले ते फिरत फिरत बडोद्यास आले. उलट दिशेने गेले अब्दुल करीम खाँ: किराण्याचा हा गवई बडोद्याच्या नोकरीत असता सरदार माने घराण्यातील ताराबाईंशी त्याचा स्नेह जडला, दोघांना शहर सोडणे भाग पडले, आणि पुढे मिरज हेच त्याचे घर झाले. मिरजेत १९०५ साली जन्मलेल्या त्याच्या कन्येने मात्र आडनाव लावले ते बडोदेकर. हिराबाईंचे नाव कोणास सांगावयास नको. खाँसाहेब स्वतः वाद्यदुरुस्तीत निष्णात होते. त्यांच्या गळ्यातील सूर आणि मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी या एकमेकींच्या तालमीत तयार झालेल्या गोष्टी आहेत, असे मी समजतो.

त्यांच्याच साहाय्याने या प्रांतात पडद्याचा जुना प्रश्न शास्त्रीय रूपाने पुढे आला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर, यांनी तारेची लांबी मोजून बावीस श्रुतींची स्थाने ठरविण्याचा उद्योग आरंभिला आणि १९१० साली त्याविषयी इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. डिस्ट्रिक्ट जज्ज क्लेमेंट्स यांनी त्यांची बाजू उचलली, आणि बावीस श्रुती वाजवू शकेल अशी हार्मोनियम तयार झाली. मार्च १९१६ मध्ये बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, भातखंडे तिचे सूत्रधार. तेथे ही श्रुतिपेटी पंडितांपुढे आणि उस्तादांपुढे मांडण्यात आली, वाद झडला, आणि सर्वमान्य असा निकाल लागला नाही. लागता तरी कसा? देवलांचा हिशेब कितीही काटेकोर असला तरी तो स्वराला ठोकून बसविणाराच हिशेब होता. बाराऐवजी बावीस खिळे, एवढाच काय तो फरक. ज्या उस्तादांनी जन्मभर पडदा सरकवून, तार बोटाने ओढून, मींडेने एका स्वरातून दुसऱ्यात उतरण्याचा रियाज केला होता त्यांना गॅलिलीचे उत्तर जितके परके तितकेच हेही परके वाटले असल्यास त्यात नवल नाही.

गिटारीला आमच्या संगीतात शिरावयाचे तर तिला हा ठोकलेला पडदा कसा तरी चुकविणे प्राप्त होते, आणि ती युक्ती आली प्रशांत महासागरातून. हवाई बेटांवर १८८५ ते ८९ च्या दरम्यान जोसेफ केकुकू या विद्यार्थ्याने गिटार मांडीवर उताणी ठेवून तारांवर पोलादाचा तुकडा सरकविण्याची पद्धत प्रचारात आणली. त्याच्याही आधी होनोलुलूत गॅब्रिएल डेव्हियन नावाचा, हिंदुस्थानात जन्मलेला एक खलाशी तसे वाजवीत असे, असे एक जुने कथन आहे, ते खरे असेल तर प्रवासाचे वर्तुळ पुरे होते. या रीतीत तारा उंच उचललेल्या असतात, बोट त्यांना दाबत नाही, पडदे केवळ खुणेपुरते उरतात. देवगिरीच्या पंडिताने वर्णिलेली कम्रिका ती हीच. फक्त बांबूच्या जागी पोलाद आले. आमच्याकडे ही परंपरा सर्वस्वी लुप्त झालेली नव्हतीच: तंजावर प्रांतात तिरुविडैमरुदूरचे श्रीनिवास राव व सखाराम राव या पितापुत्रांनी गोट्टुवाद्य पुढे आणले, उत्तरेत पतियाळ्याच्या अब्दुल अझीझ खाँनी विचित्र वीणा.

हवाई पद्धतीची गिटार कलकत्त्यात चांगलीच रुजली, चित्रपटांच्या वाद्यवृंदांतून ती मुंबईस घरोघरी ऐकू येऊ लागली. पण रागसंगीताच्या बैठकीत तिला मानाने बसविले ते ब्रिजभूषण काबरा यांनी. जोधपूरचे, अली अकबर खाँ यांचे शिष्य, आणि पुढे अहमदाबादेस स्थायिक झालेले काबरा यांनी गिटारीला चिकारीची, म्हणजे बाजूच्या साथीच्या तारांची, जोड देऊन तिच्यावर आलाप-जोड वाजविला. १९६७ साली शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासमवेत त्यांची जी ध्वनिमुद्रिका निघाली तिने या वाद्याविषयीचा बहुतेकांचा संशय फिटविला. जयपूरच्या विश्वमोहन भट्टांनी आणखी एक पाऊल टाकून गिटारीत चिकारीबरोबर तरफाही, म्हणजे आपोआप झंकारणाऱ्या ताराही, चढविल्या आणि तारांची संख्या विसावर नेली. इतक्या तारांचा ताण सोसण्यासाठी त्यांनी निवडली ती पेटी तोर्रेसची नाजूक पेटी नव्हे, गिब्सनच्या धर्तीची कोरीव फुगीर तबलीची पेटी. जी घडण अमेरिकेत नाचघरे दणाणविण्याच्या उपयोगी पडली ती येथे तरफांच्या मंद झंकारासाठी कामी आली.

मिरजेच्या सतारीस आणि तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आनंद मानावयास हरकत नाही. मात्र गिटार शिकणाऱ्या छाणीच्या मुलाने आपले वाद्य कारखान्यातून मागविले तरी त्याचे काम भागते, आणि तंबोरा घेऊ इच्छिणाऱ्याला अद्याप कोणा सतारमेकरापुढे बसून, तार छेडीत, जवारी उघडी हवी की बंद हवी हे स्वतःच्या कानाने सांगावे लागते. ज्याला ते सांगता येत नाही त्याला कारागीर आपल्या पसंतीची जवारी लावून देतो, आणि बहुधा ती चांगली असते.